भरती आधी काठाला येते

पहाटे साडेपाचला बर्कली मरीनावर पोचले तेव्हा भावोजी बोटीवर आधीच हजर होते. कपाळाला टॉर्च बांधून नांगराची दोरी हाताने मोजत बसले होते.

"वहिनी, साठ मीटर भरली. पुरे ना?"

"पुरे. पण वेटोळं उलटं घाला, वरून सुटायला हवं."

त्यांनी सगळी दोरी पुन्हा बाहेर काढली आणि नव्याने घातली. त्या दिवशी आमची शर्यत वाचली त्यात या दोरीचा वाटा मोठा होता, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जानेवारीच्या अखेरीस एका शनिवारी ही शर्यत होते. नाव 'थ्री ब्रिज फियास्को'. 'सिंगलहँडेड सेलिंग सोसायटी' ही हौशी दर्यावर्दींची संस्था ती भरवते. बोट केवढीही असो, तिच्यावर एक किंवा दोनच माणसं असायची, तिसरं चालत नाही. अंतर सुमारे 21 सागरी मैल. तीन खुणांना वळसा घालून यायचं आणि प्रत्येक खूण एकेका पुलाजवळ. गोल्डन गेटच्या आतल्या बाजूला ब्लॅकॅलर नावाचा बोया, उत्तरेला रिचमंड-सॅन राफेल पुलाजवळचं रेड रॉक बेट, आणि बे ब्रिज ज्याच्या पोटातून बोगद्याने जातो ते येर्बा बुएना बेट, त्याला जोडलेल्या ट्रेझर आयलंडसकट. कुठली खूण आधी घ्यायची, डावीकडून वळायचं की उजवीकडून, हे ज्याचं त्याने ठरवायचं. सुरुवातीची आणि शेवटची रेषा एकच, शहराच्या काठाजवळ, आणि ती कुठल्याही दिशेने ओलांडली तरी चालते. संध्याकाळी सातपर्यंत ती ओलांडली नाही, तर शर्यत पुरी झाली असं धरत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक बोटीच्या क्षमतेवरून तिची सुटण्याची वेळ काढलेली असते. हळू बोटी आधी सुटतात, वेगवान मागून. म्हणजे संध्याकाळी जो पहिला पोचला तो पहिला. गणित सकाळीच झालेलं असतं.

आमची बोट सँटाना 22. बावीस फुटांची, 1967 सालची, साधारण बाराशे किलोची. गॅरी मल नावाच्या इथल्याच डिझायनरने हा आराखडा केला आणि या उपसागरातले लोक या बोटींना लाडाने 'ट्यूना' म्हणतात. भावोजी आणि मी ती निम्मे निम्मे पैसे घालून घेतली. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते पुण्याचे, पोहणं हौदात शिकलेले. मी देवगडची. घर खाडीकाठी असूनही शिडाची दोरी मी पहिल्यांदा हातात धरली ती बेचाळिसाव्या वर्षी, इथे बर्कलीत, स्वयंसेवकांनी चालवलेल्या कॅल सेलिंग क्लबमध्ये. आमच्याकडे होडीत बाईने चढायचं ते पलीकडच्या गावाला लग्नाला जायला. तांडेल होणं कुणाच्या मनातही येत नसे. ते दुःख मला अजून आहे, आणि बोटीवर सुकाणू माझ्याकडे असतं याचं एक कारण तेही आहे.

हिवाळ्यातला वारा इथे का भरवशाचा नसतो, हे सांगायला हवं. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाची मधली खोरी भट्टीसारखी तापतात, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढली जाते. दुपारी दोन वाजता वीस नॉट वारा पश्चिमेकडून येणार, हे घड्याळ लावून सांगावं. जानेवारीत खोरी थंड असतात, ओढणारं कुणी नसतं. पहाटे जमिनीवरची गार हवा ओघळून पूर्वेकडून येते, तो इथला मतलई वारा. ऊन वर आलं की तो मरतो. मग एखादा पावसाळी पट्टा येणार असेल तर दक्षिणेचा वारा सुटतो, नसेल तर दिवसभर पाणी आरशासारखं पडून राहतं. पाण्याची ओढ मात्र थांबत नाही. कॅलिफोर्नियाच्या जवळजवळ चाळीस टक्के भूमीचं पाणी आणि रोजची भरती-ओहोटी, सगळं गोल्डन गेटच्या दीड-पावणेदोन किलोमीटर रुंद दारातून ये-जा करतं. उधाणाच्या दिवसांत ओहोटी तिथे पाच नॉटच्या आसपास धावते. वारा नावालाच असताना आमची ट्यूना दीड नॉटने सरकते. यावरून काय ते समजावं.

आदल्या वर्षी आम्ही शर्यत पुरी करू शकलो नव्हतो. शेवटच्या अर्ध्या मैलावर, फोर्ट मेसनच्या समोर, किनाऱ्याला धरून पन्नासेक बोटींच्या गर्दीत दीड तास नांगर टाकून बसलो. पाणी समोरून येत होतं आणि वारा नव्हता. सात वाजता इंजिन सुरू केलं. त्या रात्री घरी येताना भावोजी एकच वाक्य बोलले, "चार्टवर तर ओहोटी दिसत होती." ते वाक्य मी वर्षभर मनात घोळवलं.

यंदा उधाणाचे दिवस होते. गोल्डन गेटखाली सव्वादहापर्यंत भरती, मग दिवसभर दांडगी ओहोटी, ती थेट अंधार पडेपर्यंत. मला भरतीबरोबर आधी उत्तरेला, रेड रॉकला जायचं होतं. भावोजींचं म्हणणं, ब्लॅकॅलर आधी उरकू. तो बोया दारापाशी आहे. दुपारी ओहोटी ऐन जोरात असताना तिथे वारा पडला तर पाणी आपल्याला पुलाखालून थेट पॅसिफिकमध्ये नेईल. त्यांनी वेळांचा तक्ता करून आणला होता. मी तो वाचला, आणि त्यांचं बरोबर होतं. दोघांच्याच बोटीवर वाद मिटवायला तिसरा नसतो, त्यामुळे आमचा नियम असा की निघण्याआधी काय ते भांडून घ्यायचं.

आमची वेळ 8:42. पूर्वेचा चार-पाच नॉट मतलई, पाण्यावर बारीक सुरकुत्या. रेषेच्या दोन्ही बाजूंना बोटीच बोटी, काहींची तोंडं पूर्वेला, काहींची पश्चिमेला, कारण कुणीही कुठेही जाऊ शकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटेल. मला तो फार देखणा वाटतो. प्रत्येक बोट म्हणजे दिवस कसा जाईल याविषयीचा एकेक अंदाज असतो, आणि तीनशे अंदाज एकाच वेळी पाण्यावर उघडे मांडलेले असतात.

ब्लॅकॅलरपर्यंत वारा पाठीशी आणि भरती समोर. आम्ही क्रिसी फील्डच्या वाळूला जवळजवळ चिकटून गेलो, कारण काठाला ओढ कमी. 9:25ला बोया घेतला. डोक्यावर गोल्डन गेट, 1937चा, सकाळच्या उन्हात त्याचा तांबडा रंग अगदी ओला दिसतो. भावोजी जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, दोरी विंचवर ओढत होते आणि वर बघत नव्हते. मीही फार वेळ पाहिलं नाही.

तिथून ईशान्येला निघालो. अल्काट्राझ बेटाजवळ पोचलो आणि मतलई मेला. शीड एकदा फडफडलं, मग ओल्या पंच्यासारखं लोंबलं. भरतीचे शेवटचे श्वास आम्हाला आत ढकलत होते तेवढंच चलन. पावणेअकराला तेही थांबलं. इथे नांगर टाकायची सोय नाही, पाणी फार खोल आहे. एंजल आयलंडच्या पूर्वेला उथळ पट्टा आहे, साउदॅम्प्टन शोल. तिथवर पोचायला हवं, नाहीतर ओहोटी आल्या वाटेने परत नेणार.

त्या एका तासाविषयी मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण शर्यत म्हटली की लोकांना फेस आणि तुषार दिसतात, आणि कौशल्य मात्र अशा तासात लागतं. भावोजी पुढे जाऊन वाऱ्याच्या विरुद्ध कुशीवर आडवे झाले, म्हणजे बोट कलून शीड आपल्या वजनाने तरी आकार धरील. मी सुकाणूचा दांडा दोन बोटांत धरला होता. अशा वेळी सुकाणू जरा जास्त फिरवलं तरी बोटीला ब्रेक लागतो. बोलायचं नाही. हलायचं झालं तर मांजरासारखं. मी पाण्याकडे बघत होते, कुठे काळपट डाग सरकतो आहे का. तसा डाग दिसला की तिथे झुळूक. "भावोजी, उजवीकडे, कायाकच्या पलीकडे." मग आम्ही त्या डागाकडे जायचो, तीस-चाळीस मीटर मिळायचे, डाग पुसला जायचा. असे किती डाग गोळा केले मोजले नाहीत. 11:50ला खोलीच्या यंत्रावर पाच मीटर दिसले आणि त्याच वेळी किनाऱ्यावरची धुराची एक चिमणी मागच्या टेकडीवरून पुढे सरकायची थांबली, मग उलटी जाऊ लागली. म्हणजे आम्ही मागे चाललो होतो.

"टाका."

दोरी वरून सरसर सुटली, कुठे गाठ नाही, गुंता नाही. नांगर धरला. बोटीच्या नाळेपाशी पाणी खळखळू लागलं, जणू आम्ही धावतो आहोत, आणि आजूबाजूच्या बोटी एकेक करून मागे जाऊ लागल्या. नियमाप्रमाणे शर्यतीत नांगर टाकायला मुभा आहे. पण अनेकांना तो टाकायचा धीर होत नाही, थांबणं म्हणजे हरणं वाटतं. तासाभरात एकही हात पुढे न जाता आम्ही निदान पन्नास बोटींच्या पुढे गेलो. डब्यात थालीपीठ होतं, थर्मासात चहा. भावोजींनी माझ्याकडे आधी दिला, कारण माझे हात गारठले होते.

एक वाजायला दहा मिनिटं असताना दक्षिणेकडे, ओकलंडच्या क्रेन्सवर, आभाळ शिसवी झालं आणि त्याखाली पाण्याची एक काळी रेघ आमच्याकडे येताना दिसली. नांगर उपसायला दोन मिनिटं, स्पिनेकर वर जायला आणखी तीन. भावोजींनी आमचं ते जुनं, निळं-पांढरं फुगं शीड चढवलं आणि ते आवाज करून भरलं. ओहोटी अजून समोरूनच होती, पण बोट साडेपाच नॉट धरत होती. दोन माणसांत स्पिनेकर म्हणजे एकाच्या हातात त्याची दोरी, दुसऱ्याच्या हातात सुकाणू आणि मेनसेल, आणि कुणालाही शिंक आली तरी पंचाईत. आम्ही एकमेकांना 'अहो-जाहो' करतो. घाईत 'सोडा', 'ओढा', 'धरा' म्हणायला 'सोड', 'ओढ'पेक्षा अर्धा क्षण जास्त लागतो. पण त्या 'आ'मुळे वाऱ्यातही आवाज लांब जातो, हे मी अनुभवाने सांगते.

रेड रॉक पावणेदोनला घेतलं. तांबूस मातीचा उभा खडक, तीन काउंटींच्या हद्दी त्याच्यावर येऊन मिळतात. त्याच्या आडोशाला वारा एकदम पडतो आणि ओहोटी कुठलीही बोट खडकाकडे लोटते, म्हणून आम्ही लांबून वळलो. दोन मोठ्या बोटी जवळून गेल्या आणि अडकल्या.

तिथून दक्षिणेला, वाऱ्याच्या तोंडावर, नागमोडी, टॅकमागून टॅक, पण आता ओहोटी आमच्या बाजूने. पावसाची एक सर येऊन गेली. एक तेलवाहू जहाज रिचमंडकडे येत होतं. त्याने पाच छोटे भोंगे दिले, म्हणजे 'तुमचा बेत मला कळत नाही'. अशा जहाजाला अरुंद खोल मार्गात वळायला जागा नसते, वाट त्याचीच. आम्ही ताबडतोब वळलो, त्यात पाच मिनिटं गेली. ती गेली याचं मला काही वाटलं नाही.

ट्रेझर आयलंड हे गाळ उपसून, भराव टाकून बनवलेलं बेट आहे, 1939च्या जागतिक प्रदर्शनासाठी तयार केलेलं. सपाट, लांबलचक. त्याच्या पूर्वेकडून खाली जाताना वारा पुन्हा मवाळ झाला, आणि येर्बा बुएनाच्या टेकडीआड पार नाहीसा. पुलाचा नवा पूर्व भाग डोक्यावर, गाड्यांचा एकसारखा घुमणारा आवाज, आणि आम्ही त्याच्या सावलीत गोल फिरतो आहोत. जवळजवळ पंचवीस मिनिटं. भावोजींनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. पुलाखालून बाहेर आलो तेव्हा 4:50 झाले होते. पाऊस ओसरून पश्चिमेकडून गार, पातळ वारा येत होता, तीन नॉटचा असेल. रेषेपर्यंत साडेतीन मैल.

समोर शहराचा किनारा. धक्क्यांचे दिवे लागत होते. आमच्या पुढच्या बोटी ओळीने किनाऱ्याला धरून चाललेल्या दिसत होत्या, मागच्या वर्षी आम्ही होतो तशाच. सरळ रस्ता तोच, आणि सकाळी आम्हीही काठ धरूनच फायदा घेतला होता.

देवगडला आमच्या परसातून खाडी दिसे. ओहोटी संपत आली की आम्ही मुलं नारळाची सोडणं पाण्यात टाकून खेळायचो. कुणाचं सोडण आधी आत वळतं, अशी पैज असे. मधल्या धारेत टाकलेलं सोडण अजून बंदराकडे जात असायचं, तेव्हा काठाजवळचं आत यायला लागलेलं असायचं. खोल पाण्याला स्वतःचा जोर असतो, ते उशिरा ऐकतं. काठाचं पाणी उथळ, खरबरीत तळावरून आधीच दमलेलं, ते लगेच फिरतं. भरती आधी काठाला येते. हे मला सातव्या वर्षी माहीत होतं. मागच्या वर्षी मी ते विसरले, कारण चार्ट समोर होता. चार्टवरची वेळ गोल्डन गेटच्या मधल्या धारेची असते. शहराच्या काठाला भरती त्याच्या बऱ्याच आधी सुरू होते. भावोजींना ओहोटी दिसत होती ती खरी होती, पण ती मधे होती आणि आम्ही काठाला होतो.

"भावोजी, बाहेर जाऊ या. अल्काट्राझकडे."

ते गप्प राहिले. तिकडे एकही बोट नव्हती. अंधार पडत होता. रेषा डावीकडे आणि आम्ही उजवीकडे जाणार. मी सोडणांची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. त्यांनी काठाजवळच्या एका बोयाकडे बोट दाखवलं. त्याच्या मागे पाण्याची शेपटी पूर्वेला पडत होती, म्हणजे तिथे भरती लागली होती. मग त्यांनी मधल्या धारेतला एक बोया दुर्बिणीतून पाहिला. त्याची शेपटी अजून पश्चिमेला होती.

"चला," ते म्हणाले.

सूर्य साडेपाचच्या आधीच गेला. आम्ही दिवे लावले. तीन नॉट वाऱ्यात बोट दोनने चालत होती आणि पाणी आम्हाला आणखी दीड देत होतं. जीपीएसवर साडेतीनचा आकडा दिसत राहिला. काठाचे डोलकाठ्यांवरचे पांढरे दिवे जागच्या जागी उभे होते, आणि ते आमच्या मागे पडत गेले. भावोजी दर पाच मिनिटांनी फक्त आकडा म्हणायचे. 3.4. 3.5. 3.1. सहाच्या पुढे 2.6, 2.2. ओहोटी विझत होती.

आता प्रश्न रेषेकडे वळायचं कधी याचा. सरळ तिच्या रोखाने आत शिरलो असतो तर काठाच्या भरतीने पूर्वेला ढकललं असतं आणि पुन्हा फोर्ट मेसन. पण इथे रेषा कुठल्याही दिशेने ओलांडता येते. म्हणून आम्ही ती ओलांडायचा विचारही न करता पश्चिमेला तशाच पुढे गेलो, रेषा डावीकडे मागे टाकून अर्धा मैल. मग दक्षिणेला वळून आत. काठाच्या पाण्यात शिरताच बोट पूर्वेकडे वाहू लागली, आणि या वेळी आम्हाला तिकडेच जायचं होतं. वारा पाठीशी आला. मी शीड बाहेर सोडलं. भावोजी पुढे जाऊन बोयाचा दिवा शोधत होते. "वहिनी, थोडं डावीकडे. अजून. बस."

रेषेजवळच्या क्लबच्या गच्चीवरून कुणीतरी आमच्या शिडावर झोत टाकला, नंबर वाचला, आणि भोंगा वाजला. 6:38.

भावोजी येऊन माझ्या शेजारी बसले. त्यांचे दोन्ही तळवे दोरीने सोलले होते. परतीचं सात मैलांचं पाणी बाकी होतं. इंजिन सुरू केलं, काठाने जाताना फोर्ट मेसनसमोर अजून वीस-बावीस दिवे नांगरावर उभे दिसले. त्यांतल्या एका बोटीवरचे दोघं चहा पीत होते. त्यांनी हात केला, आम्हीही केला.

बे एरियात हजारो मराठी घरं आहेत. कोकणातून आलेलेही पुष्कळ. एवढं पाणी दारात असून त्यावर आपली माणसं मला फार थोडी दिसतात, आणि बायका तर जवळजवळ नाहीतच. शिकायला स्वतःची बोट लागत नाही, श्रीमंती लागत नाही, पन्नाशीही आड येत नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या शर्यतीच्या शनिवारी मरीना ग्रीनच्या काठावर येऊन उभ्या राहा. रेषा तिथून दिसते. मात्र साडेआठच्या आत या. आमच्यासारख्या हळू बोटी आधी सुटतात.